परदेशात बिझनेस शिकताना बोलण्यावर मिळालेला फीडबॅक: तुमचे अनुभव सांगा

मुळामुठा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. सप्टेंबरच्या इनटेकला जाणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न इथे सारखे येतात, व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट, रूम, कुकर न्यायचा की तिकडे घ्यायचा वगैरे, आणि त्यावर भरभरून उत्तरंही येतात. पण तिकडे वर्गात उभं राहून बोलावं लागतं आणि बोलून झालं की वर्गातलीच मुलं समोरासमोर सांगतात काय पोचलं आणि काय नाही, त्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. माझ्यात त्या काळात जो काही बदल झाला तो सगळ्यात जास्त याच गोष्टीने झाला म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी पुण्याला एमबीए करताना एक्सचेंजवर एक सेमिस्टर नेदरलँड्समध्ये, मास्ट्रिख्त युनिव्हर्सिटीत होते. मास्ट्रिख्त म्हणजे देशाच्या पार दक्षिण टोकाला मास नदीवरचं शहर, बेल्जियम इतकं जवळ की मुलं सायकलने जाऊन येतात, १९९२ साली युरोपियन युनियनच्या करारावर सह्या झाल्या ते हेच. युनिव्हर्सिटी तशी तरुण आहे, १९७६ सालची, आणि पहिल्यापासून तिथे प्रॉब्लेम बेस्ड लर्निंगने शिकवतात. ही पद्धत मूळची कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या मेडिकल स्कूलची, साठच्या दशकातली. मोठ्या हॉलमधली लेक्चर्स थोडी, बाकी सगळं डझनभर मुलांच्या ग्रुपमध्ये टेबलाभोवती बसून. ट्यूटर असतो पण तो शिकवत नाही, मध्येच एखादा प्रश्न टाकतो आणि परत गप्प. दर वेळी एक विद्यार्थी चर्चा चालवतो, दुसरा बोर्डावर मुद्दे लिहितो. आधी केसमधलं (केस म्हणजे चर्चेला दिलेली एखाद्या कंपनीची गोष्ट) जे कळलं नाही ते काढायचं, मग नेमका प्रश्न काय ते ठरवायचं, आत्ता जे माहितीय त्यावर बोलायचं, काय वाचून यायचं ते ठरवायचं, घरी जाऊन वाचायचं आणि पुढच्या वेळी येऊन एकमेकांना समजावून सांगायचं. असे एकूण सात टप्पे आहेत. आणि सेशन संपताना शेवटची काही मिनिटं ज्याने चर्चा चालवली त्याच्या फीडबॅकसाठी.

मी शाळा कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा गाजवलेली मुलगी, स्टेजची भीती मला कधीच नव्हती, आवाज चांगला, पाठांतर चांगलं. मला वाटत होतं या बाबतीत तरी मला शिकायचं काही फारसं नाही. पहिल्यांदा चर्चा चालवली, माझ्या मते मस्त झाली, सगळे मुद्दे वेळेत झाले. मग समोरच्या डच मुलीने वही उघडली (तिने खरंच नोट्स काढल्या होत्या) आणि अगदी शांतपणे म्हणाली, तू किमतीच्या मुद्द्यावर आम्हाला प्रश्न विचारलास आणि आम्ही विचार करत होतो तेवढ्यात उत्तरही तूच दिलंस, डिस्ट्रिब्युटरच्या मुद्द्यालाही तेच झालं, त्यानंतर मी उत्तर द्यायचा प्रयत्न सोडून दिला. एका जर्मन मुलाने सांगितलं की दर वाक्य संपलं की तू ट्यूटरकडे बघतेस, त्यामुळे आम्हाला वाटतं हे आमच्यासाठी चाललेलंच नाही. बस. ना आवाज छान आहे, ना कॉन्फिडन्स छान आहे. कान गरम झाले माझे. पण रूमवर चालत जाताना जाणवत गेलं की त्या दोघांपैकी एकानेही माझ्याबद्दल काहीच म्हटलं नव्हतं, जे म्हटलं ते टेबलावर काय घडलं त्याबद्दल होतं, आणि पुढच्या वेळी काय वेगळं करायचं ते त्यातच सांगून झालं होतं.

पुढच्या वेळी मी फक्त एक ठरवलं, प्रश्न विचारला की तोंड बंद. मनातल्या मनात पाचपर्यंत आकडे मोजायचे. ती पाच सेकंद फार मोठी असतात हो, विशेषतः आपल्यासारख्यांना जिथे शांतता झाली की काहीतरी बिघडलं असं वाटतं. पण चारच्या आसपास एक व्हिएतनामची मुलगी, जी तोवर फारशी कधी बोललीच नव्हती, तिने हळूच सांगितलं की केसमधली कंपनी ज्या दुकानांना माल देते तसंच तिच्या मावशीचं दुकान आहे आणि उधारीचं चक्र नक्की कसं चालतं. सगळी चर्चाच फिरली त्यानंतर. ट्यूटरसुद्धा पुढे सरकून बसला. मी त्या तासाला अगदी कमी बोलले आणि माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं पब्लिक स्पीकिंग होतं असं मी आजही मानते.

तुमच्या वाट्याला काय आलं ते लिहा. चांगलं वाईट दोन्ही लिहा. जाणाऱ्यांना उपयोग होईल.

भटकी_मैना
खूप छान लिहिलंस गं. मी डब्लिनला एमएससी मॅनेजमेंट केलं, माझा अनुभव जवळजवळ उलटा. आयरिश लोक फार गोड बोलतात, कोणालाही दुखवायचं नाही हे त्यांच्या हाडात आहे, त्यामुळे प्रेझेंटेशन झालं की लव्हली, ग्रेट जॉब, आणि जाता जाता शेवटी एखादं वाक्य की कदाचित थोडं हळू बोललीस तर अजून छान होईल. मला वाटायचं चला, मस्त झालं. मार्क आले की कळायचं की सगळा फीडबॅक त्या शेवटच्या वाक्यातच होता. मग मी शेवटच्या वाक्यावर कान ठेवायला लागले आणि नंतर जाऊन विचारायचे, नेमकं कुठल्या स्लाइडला मी फास्ट गेले? असं नेमकं विचारलं की सांगतात, मनापासून सांगतात.

आणि एक, ज्यांना आपल्या उच्चारांची लाज वाटते त्यांच्यासाठी. वर्षभरात मला एकानेही अ‍ॅक्सेंटबद्दल सांगितलं नाही, सगळ्यांनी स्पीडबद्दल सांगितलं. आपण इंग्रजी बोलताना घाबरून पळत सुटतो. मी आकडे आले की थांबायचं ठरवलं, आधी आकडा सांगायचा, मग श्वास, मग त्याचा अर्थ. एवढ्यानेच फरक पडला.

निवृत्त_मास्तर
धागा आवडला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं आणि वर्षानुवर्षं मुलांना वक्तृत्व स्पर्धांना घेऊन हिंडलो, म्हणून थोडं लिहितो. हल्ली पाठांतराला नावं ठेवायची पद्धत आहे. पण ज्या मुलाच्या घरात कोणी चार माणसांसमोर कधी बोललेलं नाही त्याला सन्माननीय व्यासपीठ आणि माझ्या बालमित्रांनो म्हणत उभं राहायला पाठ केलेली पाच मिनिटंच बळ देतात. आपल्याकडे या गोष्टीची परंपरा मोठी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली आणि आजही ती वक्तृत्वोत्तेजक सभा चालवते. लोकांनी दीड तास शांत बसून ऐकावं अशी भाषणं या मातीत झालेली आहेत.

पण ताईंचं म्हणणं मला पटलं आणि त्यात आपल्या स्पर्धांची एक उणीव दिसली. परीक्षकाच्या कागदावर विषयाची मांडणी, उच्चार, हावभाव, वेळ असे रकाने असतात, तो प्रत्येक मुलाला गुण देतो, बाजूला काहीतरी लिहितोही. तो कागद मुलाला कधीच दिसत नाही. मुलाला दिसतो फक्त निकाल. ज्याला बक्षीस नाही तो रडत एसटीत बसतो आणि का नाही ते त्याला ठाऊक नसतं, आणि ज्याला मिळालं त्यालाही का मिळालं ते ठाऊक नसतं. मी पुढे पुढे परीक्षकांना विनंती करून ते शेरे उतरवून घ्यायचो आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुलाला वेगळं बोलावून त्याच्यापुरतं वाचून दाखवायचो. ते सगळीकडे व्हायला हवं असं फार वाटतं.

मुळामुठा
सर, तुमच्यासारखे शिक्षक मिळाले त्या मुलांचं भाग्य. आणि पाठांतराबद्दल शंभर टक्के सहमत, तिकडे पहिल्या दिवशी मी हात वर करू शकले ते शाळेतल्या स्टेजमुळेच. माझी ट्रॉफ्यांची सगळी वर्षं निकालावर गेली, शेरा कुणीच दाखवला नाही, हे तुमचं वाचून लक्षात आलं.

हिरवा_पिवळा_लाल
जाण्याआधी इथेच तयारी करायची असेल तर टोस्टमास्टर्स क्लब जॉइन करा, पुण्यामुंबईत भरपूर आहेत, बऱ्याच आयटी कंपन्यांमध्येपण असतात. १९२४ साली कॅलिफोर्नियात सांता आना इथे राल्फ स्मेडली यांनी वायएमसीएमध्ये सुरू केलं, आता जगभर आहे. लोकांना वाटतं तिथे भाषण शिकवतात, पण खरं बघायला गेलं तर अर्धी मीटिंग फीडबॅकचीच असते. प्रत्येक भाषणाला एक इव्हॅल्युएटर ठरलेला असतो आणि त्यालाही उभं राहून दोन ते तीन मिनिटांतच बोलायचं असतं, म्हणजे फीडबॅक देणाऱ्याचंही भाषणच होतं. एक जण टायमर, पाच ते सात मिनिटांचं भाषण असेल तर पाचला हिरवा, सहाला पिवळा, सातला लाल. एक जण आ काउंटर, तुम्ही किती वेळा अं, सो, यू नो म्हणालात ते मोजून शेवटी वाचून दाखवतो. सगळ्यांचंच मोजतात त्यामुळे कोणाला अपमान वाटत नाही.

माझं मत विचाराल तर इव्हॅल्युएटर म्हणून उभं राहिल्यावर जास्त शिकायला मिळतं. दुसऱ्याचं भाषण त्या नजरेने ऐकलं की आपलं भाषण बांधताना आपोआप लक्षात येतं की ऐकणारा इथे हरवेल.

वऱ्हाडी_इन_यूएस
सगळे गोड गोड लिहून राहिले म्हणून दुसरी बाजू लिहितो. मी अमेरिकेत एमबीए केलं, कॉलेजचं नाव सांगत नाही. केस मेथडवाल्या कॉलेजात वर्गात बोलण्याला भरपूर वेटेज असते, हार्वर्डला तर काही विषयांत निम्म्यापर्यंत मार्क त्याचेच. प्रोफेसर कोणालाही कोल्ड कॉल करू शकतो, काहीही पूर्वसूचना नाही, तास सुरू झाला की थेट तुमचं नाव. ते एकवेळ ठीक. पण आमच्याकडे टीम प्रेझेंटेशननंतर निनावी पीअर फीडबॅक, म्हणजे वर्गातल्याच मुलांचा, यायचा फॉर्मवर. मला काय आलं, एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स (म्हणजे साहेबासारखा रुबाब) कमी आहे. मोर एनर्जी. स्माइल मोर. आता याचं मी करू काय? कोणी लिहिलं माहीत नाही, कशावरून लिहिलं माहीत नाही, विचारायची सोय नाही. त्यानंतर जवळपास पूर्ण टर्म मी बोलायच्या आधी स्वतःच्या चेहऱ्याचाच विचार करायचो आणि मुद्दा डोक्यातून निघून जायचा. माझं बोलणं त्या फीडबॅकने बिघडलं, सुधरलं नाही.

नंतर ऑर्गनायझेशनल बिहेवियरच्या कोर्सला क्लुगर आणि डेनिसी यांचा १९९६ चा पेपर वाचला. फीडबॅकवरचे तोवरचे खूप सारे अभ्यास एकत्र करून त्यांनी पाहिलं तर सरासरीने फायदा होतो खरा, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅक मिळाल्यावर माणसाची कामगिरी घसरली. त्यांचं म्हणणं असं की फीडबॅकने लक्ष कामावरून निघून स्वतःवर गेलं, मी कसा आहे, माझ्यात काय कमी आहे यावर, की फायदा कमी होत जातो. वाचून बरं वाटलं की आपल्यालाच तसं झालं नाही. तेव्हा फीडबॅक मिळाला म्हणजे ग्रोथ होतेच असं कोणी समजू नका.

मुळामुठा
दादा, हे लिहिलंत ते फार बरं झालं, आणि जे सोसलंत त्याबद्दल खरंच वाईट वाटतं. स्माइल मोर हा फीडबॅकच नाही. मला वाटतं मी वर जे लिहिलंय आणि तुम्ही जे लिहिलंय ते एकच आहे, माझ्या नशिबात तो ग्रुप चांगला होता एवढाच फरक. आमच्या ट्यूटरने सुरुवातीलाच नियम घातला होता की कुठल्या क्षणी, काय केलं, आणि त्याचा माझ्यावर काय परिणाम झाला, या तिन्ही गोष्टी सांगता येत असतील तरच बोला. हा साचा सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या अमेरिकन संस्थेचा आहे, कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्येही वापरतात. एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स त्यात बसतच नाही, कारण क्षण कुठला ते सांगता येत नाही. आणि निनावी तर नाहीच नाही, ज्याने सांगितलं त्याला कॉफीला नेऊन विचारता आलं पाहिजे.

याचाच दुसरा भाग म्हणजे फीडबॅक द्यायला शिकणं, जे मला घ्यायला शिकण्यापेक्षा अवघड गेलं. आपल्याकडे मित्राचं प्रेझेंटेशन झालं की मस्त झालं रे, एक नंबर, आणि टाळ्या. त्यात प्रेम असतं, नाही असं नाही. मी तिकडेही तेच करायचे तर एक मुलगा सरळ म्हणाला, काय मस्त झालं ते सांग ना, नाहीतर मला ते परत कसं करता येईल? तेव्हापासून कौतुकही नेमकं करायचं ठरवलं. तू ग्राफ दाखवण्याआधी त्यात काय बघायचं ते सांगितलंस म्हणून मला तो कळला, असं. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, कारण कोणीतरी इतकं लक्ष देऊन ऐकलंय हे त्याला कळतं.

अजून एक माहिती जाणाऱ्यांसाठी, मार्क बघून घाबरू नका. डच सिस्टीममध्ये दहापैकी मार्क असतात, साडेपाचला पास, आठ म्हणजे खूपच चांगलं, आणि नऊ-दहा क्वचित कोणाला मिळतात. आपल्या नव्वद टक्क्यांच्या सवयीने साडेसात बघून रडायला येतं, आणि प्रत्यक्षात ते चांगले मार्क असतात.

वऱ्हाडी_इन_यूएस
बरोबर आहे तुमचं. क्षण सांगता आला पाहिजे, हे आवडलं. आमच्या इकडे मराठी मंडळाच्या गणपतीत मला सूत्रसंचालन दिलं होतं तेव्हा एका काकूंनी स्टेजवरून उतरल्या उतरल्या सांगितलं की लहान मुलांच्या नाचाआधी तू त्यांची नावं वाचलीस तेव्हा वर बघितलं नाहीस, मुलं तुझ्याकडेच बघत होती. हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात उपयोगी फीडबॅक. अजूनही ऑफिसात कोणाचं नाव घेतलं की आधी त्याच्याकडे बघतो.

सांगलीची_हळद
मी ऑक्टोबरमध्ये फ्रान्सला चालले आहे, मास्टर्स इन मॅनेजमेंट. हे सगळं वाचून धीरही आला आणि पोटात गोळापण आला. माझा प्रॉब्लेम याच्याही आधीचा आहे, मी उभी राहिले की घसा कोरडा पडतो, हात थरथरतात आणि सगळ्यांना ते दिसतंय याच विचाराने मी अजून घाबरते. सगळं शिक्षण सेमी इंग्लिशमधून झालंय, ग्रुपमध्ये बसून बोलायला जमतं पण उभं राहिलं की संपलं. काय करू?

भटकी_मैना
अगं आधी हे ऐक, ते तुला वाटतं तितकं दिसत नाही. सवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये यावरच प्रयोग केले होते. बोलणाऱ्याला आपली घाबरगुंडी जितकी दिसतेय असं वाटतं तितकी ऐकणाऱ्यांना दिसत नाही, आणि गंमत म्हणजे ही गोष्ट ज्यांना भाषणाआधी सांगितली होती त्यांचं भाषण न सांगितलेल्यांपेक्षा चांगलं झालं. म्हणजे आत्ता तुला हे कळलं त्याचासुद्धा उपयोग होणार आहे. दुसरं, हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांचं २०१४ चं काम आहे, बोलण्याआधी शांत हो शांत हो असं स्वतःला बजावण्यापेक्षा मी एक्सायटेड आहे असं म्हटलेल्या लोकांची भाषणं जास्त चांगली झाली. छाती दोन्हीत धडधडतेच, तिला भीती म्हणायचं की उत्साह, ते आपल्या हातात असतं.

आणि मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढ. पहिल्यांदा बघवत नाही, तरी बघ. हात थरथरताना दिसतात का ते तूच शोध.

मुळामुठा
मी एक करायचे ते सांगते, सेमी इंग्लिशवाल्यांना नक्की उपयोगी पडेल. उद्याची केस आधी आईला फोनवर मराठीत समजावून सांगायची. आईने अकाउंट्स शिकलेलं नाही, पण ती दर दोन मिनिटांनी विचारायची, म्हणजे या कंपनीला पैसे नक्की कुठून मिळतात? जिथे मला मराठीत उत्तर देता यायचं नाही तिथे मला मुळात विषयच कळलेला नसायचा, इंग्रजीचा त्यात काही दोष नसायचा. एकदा मराठीत धागा पक्का झाला की इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी चालतं, लोक समजून घेतात, कारण तिथे निम्म्या वर्गाची इंग्रजी ही मातृभाषा नसतेच.

आणि बोलायच्या आधीच एकाला पकडून सांग की आज फक्त ही एक गोष्ट बघ. सगळंच बघ म्हटलं की तो काहीच धड बघत नाही. एकच सांगितलं की तो नेमकं बघतो, आणि तुलाही माहीत असतं की आज बाकीच्या चुकांना सुट्टी आहे. त्याने जे सांगितलं ते लिहून घे, लगेच उत्तर देऊ नकोस, पण मी असं केलं कारण, हे वाक्य गिळून टाकायचं. थँक यू म्हणायचं आणि रात्री परत वाचायचं. पटलं नाही तर सोडून द्यायचं, सगळा फीडबॅक पाळायलाच हवा असं काही नाही.

हिरवा_पिवळा_लाल
+१. आणि पहिलं भाषण स्वतःबद्दल कर. टोस्टमास्टर्समध्ये पहिलं भाषण आइसब्रेकर असतं, चार ते सहा मिनिटं, विषय आपण स्वतः. माहिती आठवावी लागत नाही त्यामुळे सगळं लक्ष उभं राहण्यावर देता येतं.

निवृत्त_मास्तर
सांगलीच्या लेकी, ऑक्टोबरला अजून अवकाश आहे. मी रोज मोकळाच असतो. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं बोलून दाखव, विषय तुझ्या आवडीचा, मराठीत की इंग्रजीत ते तू ठरव. ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी एकच गोष्ट बघेन. कुठली ते तू सांगायचं.

सांगलीची_हळद
सर, खूप खूप आभार, खरंच. इंग्रजीतच बोलते. वाक्याच्या शेवटी माझा आवाज खाली जातो असं मैत्रीण म्हणते, आणि इंग्रजीत महत्त्वाचा शब्द बऱ्याचदा शेवटीच असतो. तेवढंच बघा, बाकी काही नको. रविवारी साडेनऊ चालेल का? विषय आमच्या मार्केट यार्डातला हळदीचा लिलाव.

निवृत्त_मास्तर
चालेल. साडेनऊला कागद पेन घेऊन बसतो. लिंक व्यनिमधून (व्यक्तिगत निरोपातून) पाठव.